मंदीत उपयोगी पडणारी वही



उद्यमनगरात लेथच्या आवाजावरून धंदा कसा चालला आहे ते कळते. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि त्या दिवाळीनंतर आपल्याकडचा हा आवाज बारीक होत गेला. अमेरिकेतल्या बँकेचा आणि शिरोलीतल्या फौंड्रीचा काय संबंध, असे तेव्हा अनेकांनी विचारले. संबंध सरळ होता. कर्जे आटली, ट्रकची विक्री घटली आणि ट्रकसाठी लागणाऱ्या कास्टिंगच्या ऑर्डरी थांबल्या.

त्या दिवसांत मी ओळखीच्या एका छोट्या मशीनशॉपमध्ये बसलो होतो. मालकांचे निम्म्याहून अधिक काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचे, आणि तेच बंद पडलेले. सहा कामगारांना घरी बसा म्हणून सांगायची वेळ आली होती. मी विचारले, ‘‘अण्णा, जुनी गिऱ्हाइकं कुठं गेली? पंपवाले, अवजारवाले?’’ ते म्हणाले, ‘‘नंबर सगळे ऑर्डरी बघणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये. पोरगं नोकरी सोडून गेलं, नंबरही गेले.’’ मग कपाटातल्या जुन्या डायऱ्या काढल्या. दोन दिवस चाळल्यावर अकरा नावे सापडली. या अकरा जणांना आपण कोटेशन पाठवले होते आणि नंतर एकदाही फोन केला नव्हता! आता फोन केले. दोघांनी काम दिले. काम थोडे होते, पण सहापैकी चार माणसे कामावर राहिली.

श्रोतेहो, गिऱ्हाइकांच्या या नोंदी नीट ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, थोडक्यात सीआरएम म्हणतात. कोणी चौकशी केली, काय दर दिला, माल कधी गेला, तक्रार काय आली, पुन्हा फोन कधी करायचा, हे सगळे एका जागी. नाव मोठे असले तरी काम डायरीचेच. फरक एवढाच, की ही डायरी ठरल्या दिवशी आपणहून आठवण करते आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी दुकानातच राहते.

पूर्वी हे प्रकरण बड्या कंपन्यांनाच परवडायचे. स्वतःचा सर्व्हर, महागडे लायसन्स आणि सांभाळायला इंजिनिअर लागायचा. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्सफोर्स ही कंपनी काढली. सॉफ्टवेअर विकायचे नाही, इंटरनेटवरून भाड्याने द्यायचे, अशी तिची रीत. २००५ साली आपल्या चेन्नईतून झोहो सीआरएम आले. या पद्धतीलाच पुढे क्लाउड म्हणू लागले. क्लाउड म्हणजे ढग. पण यात आभाळात काही नसते. कुठल्या तरी इमारतीत ठेवलेले दुसऱ्याचे कॉम्प्युटर आपण भाड्याने वापरतो, इतकेच.

आपल्या जिल्ह्याला ही कल्पना नवी नाही. नदीवरून रानात पाणी आणायला प्रत्येक शेतकरी स्वतःची मोटर आणि मैलभर पाइप घालत नाही. सहकारी पाणीपुरवठा संस्था पाणी उचलते, आपण पाणीपट्टी भरतो. क्लाउडचा हिशेबही तसाच. एकदम मोठी रक्कम गुंतवायची नाही, वापरणाऱ्या माणसांमागे दरमहा भाडे द्यायचे. मंदीत याला महत्त्व येते, कारण तेव्हा हातातली रोकड जपायची असते. जानेवारी २००९ मध्ये संपलेल्या वर्षात, जग मंदीत असताना, सेल्सफोर्सचे उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले, हे ध्यानात घ्यावे.

पण पाणीपट्टीचे दुसरे अंगही आपण जाणतो. संस्थेची मोटर जळली की सगळ्यांचीच रानं कोरडी पडतात. म्हणून भाड्याचे सॉफ्टवेअर घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, सोडून जायचे झाल्यास माझी सगळी माहिती मला साध्या तक्त्यात परत मिळेल का? दुसरी, माणसे वाढली तर भाडे किती होईल आणि कमी केली तर लगेच उतरेल का? वर्षाचे पैसे आगाऊ दिले की सूट मिळते, पण मंदीत वर्षभर अडकून पडणे महाग पडू शकते. तिसरी, माहिती कोण पाहू शकतो? गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर ही त्याची ठेव आहे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. आणि महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात, हे तर आलेच.

२०१९ मध्ये वाहनांचा बाजार पुन्हा बसला आणि पाठोपाठ २०२० चा लॉकडाउन आला. तेव्हा डायऱ्या कारखान्यात कुलूपबंद आणि मालक घरी, अशी अनेकांची गत झाली. आमच्या अण्णांनी तोवर सीआरएम घेतले होते. ते घरी बसून रोज पाच फोन करायचे. कामाचे विचारायच्या आधी घरचे सगळे बरे आहेत ना, हे विचारायचे.

हे विचारायला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि सॉफ्टवेअर ते विचारतही नाही. ते फक्त सांगते, की या माणसाशी आपण सहा महिने बोललेलो नाही. फोन आपल्यालाच उचलावा लागतो. धंदा तेजीत असताना ही वही भरायला कंटाळा येतो. पण मंदीत तीच उघडावी लागते, म्हणून ती आजपासून भरायला घ्यावी. सुरुवात साध्या वहीत केली तरी चालेल.