दर्यावरचा नंबराचा गॉगल

दर्यावर ऊन दोनदा लागतं. एकदा आभाळातून, एकदा पाण्यावरून. या दुसऱ्या उन्हासाठी पोलराइज्ड काच असते. पाण्यावरून परतणारा प्रकाश बराचसा आडवा थरथरत येतो; काचेतला पातळ पडदा तोच अडवतो. मग पाण्याखालचा खडक दिसतो, जाळ्याचा दोर दिसतो. अशा पडद्याच्या पेटंटसाठी एडविन लँड यांनी १९२९ साली अर्ज केला होता.

आमच्या कोकणातल्या चाळिशी लागलेल्या तांडेलाला साधा गॉगल पुरत नाही, नंबराचा लागतो. तो महाग पडतो. म्हणून तो टिकणं हा पोटाचाच प्रश्न आहे.

मी नेहमी पाहतो, काचेवर तुषार उडाले की हात लुंगीच्या टोकाकडे जातो. पाणी सुकून मागे मिठाचे कण राहिलेले असतात. कोरडं पुसलं की तेच ओरखडे काढतात. दुसरा वैरी उष्णता. केबिनच्या काचेपाशी गॉगल तापत राहिला, तर वरचा लेप तडकतो, थर सुटू लागतात. नंबर बरोबर असूनही धूसर दिसतं.

घेतानाच पारख करा. कॅल्क्युलेटरसमोर काच हळूहळू फिरवा. आकड्यांची पट्टी काळी पडली, तर काच पोलराइज्ड. अतिनील किरण अडतात का, हे मात्र वेगळं विचारा.

गॉगल दोरीनं गळ्यात अडकवा, काम संपलं की डबीत ठेवा. पुसण्याआधी गोड्या पाण्यानं धुवा. होडीवर पिण्याचं पाणी असतंच. त्यातलं ओंजळभर डोळ्यांच्या वाट्याला ठेवा.