बिऱ्हाड हलते तेव्हा
शहापूर-मुरबाडची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मागोमाग कुत्रेही जाते. जागा, अन्न, पाणी बदलते, माणसांची धांदल उडते. त्या धास्तीने त्याचे पोट बिघडते. आम्ही संघटनेची माणसे मजुराच्या बिऱ्हाडात हा राखणदारही मोजतो. मोठ्या कुत्र्याला अर्धा दिवस अन्न देऊ नये. पाणी मात्र थोडेथोडे पाजावे. मग बिनमसाल्याचा मऊ भात दिवसातून चार वेळा, थोडाथोडा द्यावा. दूध, कांदा, लसूण वर्ज्य. त्याचे नेहमीचे गोणपाट सोबत न्यावे. पिल्लाला उपाशी ठेवू नये. शौचात रक्त दिसले, उलट्या थांबेनात, तर तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. त्याला मागणीपत्रक लिहिता येत नाही. ते आपणच वाचले पाहिजे.