आपली यादी आणि आपले गेज

(जबलपूर येथील शाखा-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या आहेत, हे आम्हाला येथून दिसते आहे. पेन्शन, रिक्त जागा, रनिंग स्टाफचे तास हे सगळे सोडून युनियनचा सचिव संगणकावर बोलणार, आणि तोही मॅट्रिक शिकलेला! शिवाय आमची मराठी जबलपुरात राहून निम्मी हिंदी झाली आहे. तेवढे सांभाळून घ्यावे. पण हा विषय आम्ही स्वतः मागून घेतला आहे. का, ते आधी सांगतो.

डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले, ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २०१३ नंतर अकरा वर्षांनी आलेली ती संधी होती. आमच्या एका शाखेचा सगळा प्रचार मोबाईलवरच्या एका संदेश-सेवेच्या ग्रुपवर चालला होता. कोणत्या कंपनीची, ते येथे महत्त्वाचे नाही. मतदानाला आठ दिवस असताना रात्री शाखा-सचिवाचा नंबर कंपनीने बंद केला. कारण काय, तर नियमभंग. कोणता नियम, ते लिहिले नव्हते. बहुधा एकच आवाहन त्याने फार जणांना पाठवले असावे. अर्ज केला, त्याला यंत्राने उत्तर दिले. पुन्हा केला, तेच उत्तर पुन्हा आले. नंबर अकराव्या दिवशी सुरू झाला, तोवर मतपेट्या सील झाल्या होत्या.

बंधूंनो, डीआरएम ऑफिसात आपले कितीही भांडण असो, निवेदन दिले की प्रतीवर शिक्का मिळतो. आत कोणीतरी माणूस बसलेला असतो. येथे तो दरवाजाच सापडेना. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे, आणि तिची लाज आम्हालाच वाटते. सभासदांची नावे, नंबर, कोण कोणत्या गँगमध्ये, कोण कोणत्या स्टेशनवर, ही यादी त्या एका मोबाईलशिवाय कुठेच नव्हती. रजिस्टर लिहिणे आम्ही केव्हाच सोडून दिले होते. शेवटी कपाटामागे २०१३ च्या मतदानाची वही सापडली. उंदरांनी तिची दोन पाने खाल्ली होती. ती वही घेऊन आमची पोरे मोटरसायकलवर गँगहट ते गँगहट फिरली. चूक कंपनीची असेल, पण आपली यादी परक्याच्या घरात ठेवली, ही चूक आमची.

आता आपल्या रोजच्या कामातलेच उदाहरण घेऊ. मार्च १८७० मध्ये याच जबलपुरात मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे एकत्र मिळाल्या आणि मुंबई-कलकत्ता सलग लाईन झाली. कंपन्या दोन, मालक दोन, हिशेब वेगळे. तरी गाडी पुढे गेली, कारण गेज एकच होते, साडेपाच फुटांचे. याच जबलपुरात दुसरी लाईन होती, गोंदियाहून सातपुड्यातून येणारी अडीच फुटांची छोटी लाईन. २०१५ मध्ये ती येथे बंद झाली, मग मोठी लाईन आली. छोट्या लाईनचा डबा गोंदियाला मोठ्या लाईनवर चढत नसे. माल उतरवा, पाठीवर घ्या, पुन्हा भरा. आपल्या जुन्या हमाल बंधूंची कंबर त्यातच गेली.

मोबाईलवरच्या बहुतेक मोठ्या सेवा या छोट्या लाईनसारख्या आहेत. एका कंपनीच्या ग्रुपमधला माणूस दुसऱ्या कंपनीच्या ग्रुपमधल्या माणसाला निरोप देऊ शकत नाही. सोडून जायचे तर सगळा माल तेथेच टाकून जायचे. याउलट ई-मेल पाहा. तुमचा पत्ता एका ठिकाणचा, आमचा दुसऱ्या ठिकाणचा, तरी पत्र पोहोचते, कारण पत्राचे गेज कोणा एकाच्या मालकीचे नाही. आपल्या आरक्षणाचेही तसेच आहे. क्रिसच्या लोकांनी 'कॉन्सर्ट' ही व्यवस्था लिहिली आणि १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे जोडली. प्रत्येक केंद्राचा साठा त्याच्याकडे, आणि पाचही एकमेकांशी बोलतात. यंत्रे परदेशी होती, पण आज्ञावली आपल्या माणसांनी लिहिली होती. (ऐंशीच्या दशकात संगणकाला आपल्या चळवळीने विरोध केला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. नोकऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण संगणक कोणाच्या हातात राहील, हा प्रश्न आपण तेव्हाच जास्त जोराने विचारायला हवा होता.)

आता 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, फुकट. फुकट तर ते ग्रुपही होते! शेडमध्ये काम केलेल्यांना आम्ही असे सांगू. एक यंत्र येते ते ड्रॉइंगसकट. फिटर ते उघडतो, समजून घेतो, दुरुस्त करतो, सुधारणा सुचली तर करतो आणि शेजारच्या शेडलाही सांगतो. दुसरे यंत्र येते ते सीलबंद पेटीत. बिघडले की कंपनीचा माणूस येईपर्यंत हात बांधून बसा, सील तोडले तर वॉरंटी गेली. मुक्त सॉफ्टवेअर हे ड्रॉइंगसकट आलेले यंत्र आहे. ते वापरायला, तपासायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये हे काम जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात, त्या मोठ्या कंपन्यांचेसुद्धा.

सीलबंद पेटीचे काय होते, ते जुलै २०२५ मध्ये गुजरातेत दिसले. वाडिनारची नायरा एनर्जीची रिफायनरी, जागा भारताची, कामगार भारताचे. युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व इतर सेवा थांबवली. पैसे भरलेले होते, करार होता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. एवढ्या मोठ्या रिफायनरीला वकील मिळाला. आमच्या शाखेला कोण वकील देणार?

स्टेशनवरचे वायफाय आठवते ना? जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगलने रेलटेलबरोबर ते सुरू केले. २०१८ मध्ये दिब्रुगडला चारशेवे स्टेशन झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने सांगितले, आता डेटा स्वस्त झाला, आम्ही थांबतो. त्यांचा हिशेब, त्यांनी पाहिला. पण वायफाय बंद पडले नाही. का? खालची केबल रेलटेलची होती, म्हणजे आपली.

मात्र आपले म्हणजे सगळे पवित्र, असेही कोणी समजू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून पैसा कसा उभा करता येईल, त्यासाठी सल्लागार नेमण्याचे टेंडर काढले होते. ओरड झाली, संसदेच्या समितीने विचारले, आणि त्याच महिन्यात टेंडर मागे घेतले गेले. ओरड झाली म्हणून ते मागे गेले, हे लक्षात ठेवा.

चहाच्या वेळी एका मित्राने विचारले की, सप्टेंबर २०२५ मध्ये आपले रेल्वेमंत्री स्वतः झोहोवर गेले, ती कंपनी देशी आहे, मग प्रश्न मिटला की नाही? देशी कंपनी परदेशी कंपनीपेक्षा बरी, कारण तिला देशाचा कायदा लागतो आणि रोजगार येथे राहतो. यात आमचे दुमत नाही. पण झोहोही सीलबंद पेटीच आहे. मालक बदलला, किल्ली अजून मालकाकडेच. गिरणी देशी मालकाची म्हणून मुंबईच्या गिरणी कामगाराचे भले झाले का, हे परळ-लालबागच्या म्हाताऱ्यांना विचारा.

आपल्या मराठीचीही एक गोष्ट सांगतो. आमच्या युनियनची जुनी मराठी पत्रके एका खासगी फाँटमध्ये टाइप केलेली होती. सीडी आहेत, धूळ पुसून जपलेल्या. आज उघडल्या तर अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. फाँट गेला, तो संगणक गेला, आणि आपलेच शब्द आपल्याला वाचता येत नाहीत. युनिकोड आल्यावर हा छळ संपला, कारण त्यात 'क'चा नंबर सगळीकडे एकच आहे. मुंबईच्या एनसीएसटीमध्ये प्रा. र. कृ. जोशी यांनी 'रघु' हा फाँट मोकळा करून दिला. पुढे मुंबईच्याच 'एक टाइप' मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू' दिले. आजचे शिबिराचे पत्रक 'मुक्त'मध्येच छापले आहे. जुन्या पत्रकांपैकी दोन वर्षांची आम्ही पुन्हा हाताने टाइप करून घेतली. बाकीची राहिली आहेत. कोणाला वेळ असेल तर सांगा.

आता लोकांनी एकत्र बोलायचे कुठे? नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्याकडचे हजारो लोक ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेले होते. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते, त्याचा तो राग होता. त्यांनी लावलेले चित्र आम्ही मुद्दाम शोधून पाहिले. १९३६ मधली हँबर्गची गोदी, सगळे नाझी सलाम करीत आहेत आणि एक कामगार हाताची घडी घालून उभा आहे. मॅस्टोडॉनमध्ये मालक एक नाही. अनेक छोट्या संस्था आपापला सर्व्हर चालवतात आणि सगळे एकाच गेजवर एकमेकांशी बोलतात. पण खरे सांगायचे तर गेलेले बरेच जण परत आले. कारण साधे आहे, बाकीची मंडळी जुन्याच जागी होती. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर कोण थांबणार?

म्हणून उद्यापासून व्हॉट्सॲप सोडा, असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि आमच्या घरचेही ऐकणार नाहीत. २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींहून अधिक दंड केला, तरी लग्नाची आमंत्रणे तेथेच येतात. ती चहाची टपरी आहे. टपरीवर गप्पा मारा, सभेची वेळ सांगा. पण कोणी युनियनचे रजिस्टर टपरीवर ठेवते का?

आमच्या कार्यालयात काय केले, ते सांगतो. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. आमचे चार संगणक म्हातारे, नवी आवृत्ती त्यांना झेपत नाही. चार नवे घ्यायचे तर वर्षाच्या वर्गणीला भोक पडले असते. दोन तरुणांनी रविवारी बसून तिघांवर लिनक्स मिंट घातले. चौथ्याची हार्ड डिस्कच गेली होती. पत्रे आणि हिशेब लिबरऑफिसमध्ये होतात. प्रिंटरने पंधरा दिवस रडवले. आमच्या खजिनदारांनी, जे माझ्याहून आठ वर्षांनी मोठे आहेत, रोज सकाळी आम्हाला शिव्या घातल्या. आता त्यांना इनस्क्रिप्टची सवय झाली आहे आणि शिव्या मराठीत टाइप होतात.

सभासदांची यादी त्यातल्या एकावर, कुलूप लावून, आणि दर महिन्याला दोन पेनड्राइव्हवर प्रत. एक प्रत अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे. परिपत्रके युनियनच्या स्वतःच्या नावाच्या ई-मेल यादीवरून जातात. सर्व्हरचे भाडे वर्गणीतून भरतो, आणि ते भरलेच पाहिजे. मुक्त असले तरी कोणीतरी माणूस ते सांभाळतो, त्याचे श्रम फुकट घेणे युनियनला शोभत नाही. एका पोराने एलिमेंट नावाच्या ॲपवर ग्रुप काढू म्हटले. चीज चांगली आहे, त्याच पायावर फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतःची सेवा उभी केली. पण मे २०२३ मध्ये आपल्या सरकारने चौदा ॲपवर बंदी घातली, त्यांत तेही होते. हजारो कर्मचाऱ्यांना त्या भानगडीत नेणे आम्हाला पटले नाही. तूर्त ई-मेल आणि कागद.

हे आपल्या ताकदीबाहेरचे वाटत असेल, तर केरळकडे पाहा. तेथे शाळांत संगणक शिकवायचा ठरला, तेव्हा तो एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर शिकवू नका, असा आग्रह शिक्षकांच्या संघटनेने धरला. आज तेथल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. सरकारने आपणहून दिले नाही, युनियनने मागितले.

ठराव तुमच्या हातातल्या कागदावर आहे. प्रत्येक शाखेने तीन महिन्यांत आपली सभासद-यादी कंपनीच्या सेवेबाहेर, दोन ठिकाणी ठेवावी. फेडरेशनची परिपत्रके कोणालाही उघडता येतील अशा मोकळ्या स्वरूपात आणि युनिकोडमध्ये यावीत. रेल्वे प्रशासनाशी बोलताना, कर्मचाऱ्यांचा पास, पीएफ आणि आरोग्याची माहिती कोणत्या कंपनीकडे जाते, हे लेखी विचारावे. दुरुस्ती सुचवायची असेल तर जेवणापूर्वी द्या.

ते दोन तरुण आज दुपारी तीनपासून मागच्या खोलीत बसतील. जुना लॅपटॉप आणला असेल तर आधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या. चार्जर स्वतःचा आणा, मागच्या वेळी तीन चार्जर गेले, ते अजून सापडलेले नाहीत.