पोरीचे दुखणे अंगावर काढू नका
(जिल्हा बैठकीच्या महिला सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावाची आणि पीककर्जाची चर्चा चालू आहे. ती झालीच पाहिजे. आता आम्ही जो विषय काढणार आहोत, तो निघाला की पुरुष मंडळी चहाला उठतात. आज उठू नका. पोरीला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे बहुतेक घरांत ज्याच्या खिशात गाडीभाडे असते तोच ठरवतो. म्हणून हा विषय बापानेही ऐकायचा आहे.

विषय आहे वयात आलेल्या पोरीच्या लांबलेल्या पाळीचा.

आपल्या घरात काय होते? पोरीला न्हाण येते. पाच दिवस गेले, सात गेले, दहा गेले, तरी रक्त थांबत नाही. पोर आईला सांगायला लाजते. आई म्हणते, "नवीन नवीन असंच असतं." आजी म्हणते, "अंगातली उष्णता आहे, जाऊ दे." वेचणीचे दिवस असतील तर पोर तशीच ओटी बांधून कापसात उभी राहते. पंधरा दिवसांनी तिला घेरी येते, तेव्हा बापाला पहिल्यांदा कळते की घरात काही दुखणे आहे.

"नवीन नवीन असंच असतं" हे आईचे म्हणणे निम्मे खरे आहे. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. बीज बाहेर पडले नाही, तर पिशवीच्या अस्तराला आवर घालणारे संप्रेरक तयार होत नाही. अस्तर वाढत राहते आणि मग थोडे थोडे करून बरेच दिवस गळत राहते. म्हणून या वयात दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवसांचे अंतर पडले तरी घाबरायचे कारण नाही. पण रक्त जाण्याचे दिवस दोन ते सात. त्यापुढे गेले की "नवीन आहे" म्हणून सोडून द्यायचे नाही.

आता हिशेब नीट ध्यानात ठेवा.

आठवा दिवस उजाडला आणि रक्त चालूच आहे, तर दवाखाना. सात दिवसांच्या आत असले तरी दर एक-दोन तासांनी घडी किंवा पॅड बदलावे लागते, रात्री उठून बदलावे लागते, गोधडीपर्यंत डाग जातो, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, तरीही दवाखाना. एकवीस दिवस व्हायच्या आत पुन्हा पुन्हा पाळी येते, किंवा तीन महिने येतच नाही आणि मग धो धो येते, तरीही डॉक्टरला दाखवायचे.

आणि तासाला एक पॅड भिजते आहे, असे सलग दोन तास चालले आहे, किंवा पोर चक्कर येऊन पडली, छातीत धडधडते, दम लागतो, हातपाय गार पडलेत, ओठ पांढरे दिसतात, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा.

एवढी घाई कशाला, असे कोणी विचारेल. कारण आपल्या पोरींच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. या वयाच्या पोरीचे हिमोग्लोबिन १२ तरी हवे. ज्या विहिरीला आधीच पाणी नाही, तिच्यावर दहा-बारा दिवस मोटर चालवली तर काय होईल, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. काही पोरींचे रक्त जन्मापासूनच लवकर गोठत नाही. फिनलंड देशाच्या ओलांड नावाच्या बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांकडे आणली होती. तिच्या काही बहिणी रक्त जाऊनच दगावल्या होत्या. डॉक्टरांनी १९२६ साली त्या आजाराची माहिती छापली आणि आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ती मुलगी मात्र वाचली नाही. न्हाण आल्यावर चौथ्याच पाळीत ती रक्त जाऊन मेली. हा आजार जगात सगळीकडे आहे, आपल्याकडेही आहे. तेव्हा त्यावर औषध नव्हते, आता आहे. पण आधी तो ओळखला गेला पाहिजे.

म्हणून आईने आठवून डॉक्टरांना सांगावे. पोरीची पहिलीच पाळी फार गेली होती का? तिचा घोळणा फुटला की दहा मिनिटे थांबत नाही का? हिरड्यांतून रक्त येते का, जरा लागले की अंगावर निळे-काळे डाग उठतात का? दात काढल्यावर, टाके पडल्यावर फार रक्त गेले होते का? स्वतःच्या बाळंतपणात किंवा माहेरच्या कोणाला असा त्रास झाला होता का? ही माहिती आईने दिली तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. थायरॉईडचा दोष, अंडाशयाचा दोष, काही औषधे हीही कारणे असतात. गौरी-गणपतीला किंवा घरच्या लग्नाला पाळी पुढे ढकलायची गोळी दिली असेल तर तेही लपवू नका. गोळी थांबली की रक्त जाते, ते कधी जास्त जाते.

आता भीतीचे बोलू. "लग्नाच्या पोरीला बाईच्या डॉक्टरकडे नेले तर लोक काय म्हणतील?" लोक गाडीभाडेही देणार नाहीत आणि रक्तही देणार नाहीत. तपासणीत बहुधा पोट वरून पाहतात, रक्त तपासतात, लागली तर पोटावरून सोनोग्राफी करतात. आतून तपासायची गरज या वयात सहसा पडत नाही. आईने जवळ बसावे, बाई डॉक्टर मागावी, तो हक्क आहे. दिवस गेलेत का, ही लघवीची तपासणी डॉक्टर सरसकट सगळ्यांची करतात. त्यात पोरीवर संशय नसतो. बापाने त्यावरून घरात तमाशा करू नये.

दुसरी भीती पिशवीची. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. हे ऐकून आया घाबरतात. पण पोरीची पाळी लांबली म्हणून पिशवी काढायची नसते. रक्त थांबवायच्या गोळ्या, पाळी ताळ्यावर आणायच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या यांवर बहुतेक पोरी बऱ्या होतात. संप्रेरकाच्या गोळ्यांनी पोर वांझ होत नाही. या वयात कोणी पिशवी काढायची गोष्ट केली, तर तिथून उठा आणि जिल्हा रुग्णालयात दाखवा.

खर्चाचे म्हणाल तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. आधी आशाताईला विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथून ग्रामीण रुग्णालयात पाठवतील. लोहाची गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या, चहाबरोबर नको. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नका. पालेभाजी, मटकी, गूळ खाऊ घाला, पण एकदा उतरलेले रक्त नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. आणि रक्त चालू असताना दुकानातून ॲस्पिरिन आणून देऊ नका, त्याने ते वाढते.

शेवटी आमचे मागणे. विटाळ पाळायचा की नाही, हा वाद आज काढत नाही. पण पोर बाजूला बसली म्हणून तिचे दिवस मोजणे सोडू नका. फवारणी कधी झाली, खत कधी दिले, हे आपण भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहितो. त्याच पानावर पोरीची पाळी आली त्या दिवशी एक टिंब द्या, थांबली त्या दिवशी दुसरे द्या. दवाखान्यात जाताना तेच पान काढून न्या. आईने टिंब द्यावे आणि बापाने ते मोजावे. सातावर आठवा दिवस चढला, तर औतकाठी, वेचणी, बाजार सगळे ठेवून पोरीला घेऊन निघावे.

एवढे घरोघरी करायचे कबूल असेल त्यांनी हात वर करावेत. पुरुषांनी आधी.