आईचा रिव्ह्यू: "खारी सादळली होती"

आज खाण्यावर बोलू. म्हणजे खरं तर तक्रारच आहे.

जुलैमध्ये आई रिटायर झाली. इतकी वर्षं ती लालबागहून बसने कामाला जायची आणि वाटेत परळ भागातलं एक मोठं हॉटेल लागायचं. नाव घेत नाही. आत फ्रेंच बेकरी आहे, पाटीवर सोनेरी अक्षरांत 'बुलांजरी' लिहिलंय. आईला ते एकदा आतून बघायचं होतं. म्हणून एका शनिवारी दुपारी चार वाजता तिला घेऊन गेलो. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, यावरून समजा.

काचेच्या कपाटात सगळं सोनाराच्या दुकानासारखं मांडलेलं. एक क्रोसाँ ३४० रुपये, वर टॅक्स. दोन घेतले, शिवाय एक लेमन टार्ट. (टार्ट छान होता, खोटं कशाला बोलू?) कधी भाजलेत असं विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सकाळी खालून येतात." आणि दोन्ही क्रोसाँ मायक्रोवेव्हमध्ये फिरवून दिले.

आईने तुकडा मोडला. आवाजच नाही! एक पापुद्रा उडाला नाही, नुसता पोळीसारखा वाकला. तिने मुकाट्याने संपवला, कारण पैसे मी दिले होते. बाहेर फुटपाथवर आल्यावर म्हणाली, "खारी सादळली होती रे त्यांची."

संपला रिव्ह्यू. आणि गंमत म्हणजे टेक्निकली तो अगदी बरोबर आहे.

क्रोसाँ आणि खारी नात्यातलेच. दोन्हींत पिठाच्या थरांमध्ये स्निग्ध पदार्थाचे थर. क्रोसाँच्या पिठाची तीनपदरी घडी तीनदा घातली, की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. पण लोणी थंड हवं. लाटतानाच वितळलं तर ते पिठात मुरतं आणि थर गायब. आता मुंबईत मे महिन्यात बिनएसीच्या किचनमध्ये हे करून दाखवा! म्हणून आपल्या बऱ्याच बेकऱ्या खारीला वनस्पती किंवा मार्जरीन वापरतात, ते उन्हाळ्यात लवकर वितळत नाही. शिवाय खारी आतपर्यंत कोरडी भाजतात, त्यामुळे डब्यात चांगली टिकते. क्रोसाँ आतून ओलसर असतो. तो ओलावा काही तासांत बाहेरच्या कवचात येतो, वर आपली पावसाळी हवा. मायक्रोवेव्ह तर आतलं पाणीच तापवतो, म्हणजे कवचाला आतून वाफारा. साध्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवला असता तरी सुधारला असता.

आता त्या पाटीबद्दल. फ्रान्समध्ये १९९८च्या कायद्यानुसार पीठ मळणं, आकार देणं, भाजणं हे सगळं त्याच जागी होत नसेल, किंवा पीठ वा पाव मध्ये कुठे फ्रोझन केला असेल, तर दुकानाला बुलांजरी म्हणता येत नाही. नियम पावाचा आहे, क्रोसाँचा नाही; तिथेही कितीतरी दुकानं फ्रोझन क्रोसाँच भाजून विकतात. पण निदान पाटी बघून पाव कुठे बनलाय ते कळतं. आपल्याकडे हा शब्द म्हणजे नुसता फॉन्ट झालाय.

मला किमतीचा राग नाही. चांगलं लोणी महाग असतं, परळचं भाडंही. राग याचा आहे, की ३४० रुपयांत संगमरवर, दिवे, गणवेश सगळं आलं, फक्त 'आत्ता भाजलेलं' तेवढं आलं नाही. आणि बेकरीत खरा माल तोच असतो. ग्रँट रोड स्टेशनजवळचं बी. मेरवान १९१४ सालचं. तिथे मावा केकसाठी उशिरा गेलं तर संपलेला असायचा. लोक कुरकुरायचे, पण संपायचा म्हणूनच ताजा असायचा. हॉटेलला कपाट रात्रीपर्यंत भरलेलं दिसायला हवं. मग चार वाजता तुम्हाला सकाळचाच माल मिळणार.

म्हणून मी आता कुठेही गेलो की मेन्यूआधी विचारतो, "पुढचा ट्रे किती वाजता?" उत्तर आकड्यात आलं तर थांबतो.

दादर-गिरगावकडे कुठे ताजा क्रोसाँ खाल्ला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. वेळेसकट हं. आई तयार आहे, पण म्हणते, या वेळी पैसे ती देणार.