आधीं मौन, मग चढाई

तीन पत्तींत गप्प बसण्याची सोय नाहीं. आपली पाळी आली कीं चाल तरी द्यावी, नाहीं तर पानें तरी टाकावीं. तिसरा मार्ग त्या खेळानें ठेवलेलाच नाहीं. दिवाळीच्या सुटींत चटईवर बसून ज्यांनीं हा खेळ खेळला आहे, त्यांना पोकरच्या बैठकींत पहिलें नवल वाटतें तें याच गोष्टीचें. तेथें आपल्या आधीं कोणीं चाल दिलेली नसेल, तर कांहीं न देतां आणि पानेंही न टाकतां नुसतें ‘चेक’ म्हणून पाळी पुढच्याकडे सारतां येते. मराठींत चालढकल हा शब्द निंदेचा आहे; येथें मात्र ती नियमानें दिलेली सवलत होय. पुढच्या कोणीं चाल दिली, कीं हाच मौनी गृहस्थ पाळी पुन्हा येतांच ती चाल चढवूं शकतो. या दुहेरी कृतीला ‘चेक-रेझ’ म्हणतात. ती केव्हां करावी आणि केव्हां करूं नये, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खेळ ‘लिमिट होल्डेम’ या नांवाचा. टेक्सासच्या विधिमंडळानें २००७ सालीं रॉब्सटाउन या गांवाला त्याच्या जन्मस्थानाचा मान दिला. प्रत्येकाला दोन पानें गुप्त मिळतात. मग मध्यभागीं सर्वांच्या उपयोगाचीं तीन पानें उघडतात, नंतर चौथें, नंतर पांचवें. या सातांतून ज्याच्या उत्तम पांच पानांचा हात वरचढ, त्याचा डाव. पैजेच्या फेऱ्या चार. लिमिट म्हणजे चालीचें माप ठरलेलें: पहिल्या दोन फेऱ्यांत लहान, पुढच्या दोहोंत तिच्या दुप्पट. यामुळें सगळी पुंजी एकदम पुढें लोटून प्रतिपक्षाला घाबरविण्याचा मार्ग येथें बंद होतो. उरते ती मोजदाद, आणि कोण कोठें बसला आहे याची जाणीव.

नांदेडजवळ गोदावरीच्या कांठीं विष्णुपुरी आहे. तेथें नदीवर धरण आहे, १९८१ सालीं स्थापन झालेलें श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ सालीं निघालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेव्हां वसतिगृहाच्या खोल्यांना तोटा नाहीं. अशाच एका खोलींत सहा विद्यार्थी पत्ते आणि चिंचोके घेऊन बसले आहेत, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. चिंचोके अशासाठीं कीं महाराष्ट्रांत १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. गोव्यांत मांडवीवरील जहाजांत परवान्यानें जें चालतें तें येथें चालत नाहीं, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनाही २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें मनाई केली आहे. गणित समजण्यास चिंचोके पुरेसे आहेत. या सहा जणांना त्यांच्या गांवांवरूनच ओळखणें सोयीचें.

पानें वाटणारा नांदेडकर. त्याची पाळी उघड्या पानांनंतर सर्वांत शेवटीं येते. त्याच्या डावीकडे कंधारकर, त्यानें नियमाप्रमाणें एक चिंचोका आधींच टाकला आहे. त्याच्या पलीकडे लातूरकर, त्यानें दोन. हदगांवकरानें पानें टाकलीं. उदगीरकर आणि देगलूरकर दोन-दोन देऊन राहिले. नांदेडकरानें चाल चारांवर नेली. कंधारकर उठला, बाकीच्यांनीं चार पुरे केले. मध्यें सतरा चिंचोके जमले आणि चौघे राहिले. आतां तीन पानें उघडलीं: इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी, किलवरची तिर्री. लातूरकराच्या हातांत बदामचा राजा आणि एक गुलाम आहे, म्हणजे राजांची जोड झाली. हात चांगला आहे, पण अभेद्य नाहीं. पहिली पाळी त्याचीच. त्यानें काय करावें?

सरळ दोन चिंचोके टाकले तर काय होईल तें आधीं पाहूं या. ढीग एकोणिसांचा होतो आणि उदगीरकरापुढें प्रश्न येतो: दोन देऊन एकोणिसांची आशा धरावी काय? त्याच्याजवळ अठ्ठी आणि दश्शी आहे असें समजावें. त्याची जोड लहान. पण उरलेल्या दोन अठ्ठ्या किंवा तीन दश्श्या यांपैकीं एखादें पान आलें तर तो लातूरकराच्या पुढें जातो. त्याला न दिसलेलीं पानें सत्तेचाळीस. त्यांत पांच अनुकूल, बेचाळीस प्रतिकूल. म्हणजे एका यशामागें सुमारें साडेआठ अपयशें. ढीग मात्र त्याला साडेनऊपट देऊं करीत आहे. उदगीरकरानें राहणें हेंच शहाणपणाचें, आणि तो राहील. लातूरकरानें चाल दिली खरी, पण ती देऊन त्यानें प्रतिस्पर्ध्याला स्वस्तांत तिकीट विकलें.

आतां तो ‘चेक’ म्हणतो. उदगीरकर, देगलूरकरही तेंच म्हणतात. नांदेडकरानें आधीं चाल चढविलेली असल्यानें तो आतां माघार घेणें त्याला शोभत नाहीं. तो दोन टाकतो. ढीग एकोणीस. आणि येथें लातूरकर चार टाकतो. ढीग तेवीस झाला. परंतु उदगीरकराला आतां राहावयाचें तर दोन नव्हे, चार चिंचोके मोजावे लागणार. तेविसांसाठीं चार म्हणजे पावणेसहापट. गरज साडेआठपटीची, मिळकत पावणेसहापट. त्याचीं पानें तींच, लातूरकराचीं पानें तींच, ढीग तर अधिक मोठा. तरी जें राहणें क्षणापूर्वीं शहाणपणाचें होतें तें आतां चुकीचें झालें. चेक-रेझचें सारें मर्म या जागीं आहे. नवशिक्याला वाटतें कीं ही युक्ति नांदेडकराला फसविण्यासाठीं आहे. वस्तुतः ती मध्यें सांपडलेल्या दोघांसाठीं आहे. नांदेडकर हा त्यांत केवळ हत्यार आहे. ज्याला एकाच रंगाचें पांचवें पान हवें आहे आणि ज्याचीं नऊ पानें अनुकूल आहेत, त्याला मात्र हे चार चिंचोकेही जड नाहींत. त्याला हुसकावण्याचा उपाय या खेळांत नाहीं, आणि तो शोधण्यांत वेळ घालवूं नये.

परंतु जागा बदलून पाहाव्या. चाल चढविणारा नांदेडकर नसून लातूरकराच्या लगेच पुढें बसलेला उदगीरकर असता, ढीग तोच सतरांचा, तर? लातूरकर चेक म्हणतो, उदगीरकर दोन टाकतो, देगलूरकर आणि नांदेडकर दोन-दोन देऊन मोकळे होतात, आणि मग लातूरकराची चढाई येते. उदगीरकरानें ती पुरी केली कीं देगलूरकराला आणखी दोनच द्यावयाचे असतात, आणि समोर एकोणतीस दिसतात. चौदापटीहून अधिक! तो कां उठेल? येथें लातूरकरानें सरळ चाल द्यावयास हवी होती. मग उदगीरकरच ती चढविता आणि मागच्या दोघांना चार मोजण्याची पाळी आणता. एक अपवाद आहे. हातांत तिर्रीची जोड असून मध्यें तिसरी तिर्री पडली असेल, तर लातूरकराला कोणी उठून जावा असें वाटतच नाहीं. तेव्हां सगळ्यांना एकेक चाल देऊं द्यावी आणि मग जाळें ओढावें. तात्पर्य, पानें किती बलवान हा दुसरा प्रश्न. चाल कोणाकडून येणार आणि तो कोणत्या बाजूला बसला आहे, हा पहिला.

आणि ती चाल येणार याची खात्री हवी. महाराष्ट्राला याचें उदाहरण १६५९ मध्यें मिळालें आहे. अफझलखान वाईस येऊन बसला तेव्हां शिवाजी महाराजांनीं पंताजी गोपीनाथांच्या करवीं आपण भ्यालों आहों असाच भास निर्माण केला, आणि खान घाट उतरून जावळीच्या रानांत आला. भयाचा हा देखावा फळास आला, कारण खान विजापुराहून मोहिमेचा विडा उचलून निघालेला होता आणि पुढें येणें त्याला प्राप्तच होतें. तो वाईच्या मोकळ्या मैदानावरच स्वस्थ बसता तर प्रतापगडावरील मौन वायां जातें. विष्णुपुरीच्या खोलींतही नांदेडकर सावध निघाला आणि त्यानेंही चेक म्हटलें, तर चौथें पान सर्वांना फुकट मिळतें. उदगीरकराच्या पांच पानांपैकीं एखादें साडेनऊ वेळांत एकदां येणारच, तेंही दमडी न देतां. सतरांच्या ढिगावर ही चूक एका चिंचोक्याची नसते; अख्खा ढीग तीत जाऊं शकतो.

शेवटच्या पानानंतर हिशेब पालटतो. पुढें पान येणार नाहीं, तेव्हां फुकट कांहीं देण्याचें भय नाहीं. दोघेच उरले असून प्रतिपक्ष आपली चाल नक्की पुरी करील असें वाटत असेल, तर सरळ चालीनें एक चाल पदरांत पडते. चेक-रेझ साधली आणि त्यानें तीही पुरी केली तर दोन. तो गप्प राहिला तर शून्य. म्हणजे तो चाल देण्याचा संभव निम्म्याहून अधिक असला तरच थांबण्यांत लाभ. हा विचार करावयास अर्धा क्षण लागतो, आणि पुष्कळांना तेवढाही नको असतो.

लातूरकर केवळ भारी हातावरच मौन धरूं लागला, तर आठवड्याभरांत सारी खोली त्याला ओळखील. त्यानें कधीं मध्यम हातावर, क्वचित् पोकळ हातावरही तेंच केलें पाहिजे. जॉन फॉन नॉयमन यानें १९२८ च्या निबंधांत आणि मॉर्गेनस्टर्नसह लिहिलेल्या १९४४ च्या ग्रंथांत अशा मिश्र डावपेचांचें गणित मांडलें. २०१५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं दोघांत खेळावयाचा लिमिट होल्डेम संगणकाकडून जवळजवळ पूर्णपणें सोडवून घेतला. ‘सेफियस’ नांवाचा तो कार्यक्रमही एकाच हातावर नेहमीं एकच चाल खेळत नाहीं. सहा जणांच्या खेळाला मात्र तें उत्तर जसेंच्या तसें लागू पडत नाहीं.

राहतां राहिला सभ्यतेचा प्रश्न. कित्येक घरगुती बैठकींत चेक-रेझ वर्ज्य मानतात; हातीं राजा असून दुर्रीचें तोंड करणें त्यांना मित्रद्रोह वाटतो. नियमांत सवलत आहे म्हणून ती लबाडी ठरत नाहीं, हें खरें. पण एकानें ती वापरावी आणि दुसऱ्याला ती ठाऊकच नसावी, ही लबाडी आहे. तेव्हां पानें पिसण्यापूर्वीं कंधारकरानें, किंवा ज्याच्या खोलींत बैठक आहे त्यानें, चेकनंतर चढाई चालेल कीं नाहीं हें सर्वांना मोठ्यानें विचारून घ्यावें. एकदां डाव वाटला गेला म्हणजे तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हातांत काय आहे, हें सारी खोली ओळखते.