उन्हात जाऊ नको, पण रोज कोण देणार?

(दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलडाणा येथे उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या बायकांच्या बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

गरोदरपणात उन्हानं अंग भाजणं हा आजचा विषय. तो ऐकून सकाळी एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "ऊन काय आज नवीन आलं का बाई? आम्ही दिवस भरेस्तोवर वावरातच होतो." खरं आहे. पण त्याच मावशींनी नंतर चहा पिताना सांगितलं, की त्यांची दोन लेकरं आठवा सरायच्या आत झाली आणि त्यातलं एक राहिलं नाही. त्याचा उन्हाशी संबंध होता की नव्हता, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. त्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं.

आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पऱ्हाट्या उपटायचे, धसकटं वेचायचे दिवस. पुढं नवतपा. शेतात झाड असलं तर बांधावर, तेही आता कमीच. त्यातून लग्नसराई, म्हणजे कामावरून आलं की मांडवात बसायचं. कागदावर उपाय सोपा आहे : सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात जाऊ नका. दवाखान्यात हेच सांगतात आणि चुकीचं सांगत नाहीत. पण रोज बुडाला तर संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं, ते त्या कागदावर नसतं.

आधी कातडीचं बोलू. गोऱ्या माणसाची कातडी भाजली की लाल दिसते, पुस्तकातली चित्रंही तशीच असतात. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसतेच असं नाही. मानेमागं, हाताच्या मागच्या बाजूला, ब्लाऊज आणि साडीच्या मधल्या उघड्या पाठीवर कातडी गरम लागते, ताणल्यासारखी होते, पदर घासला तरी झोंबते. हे भाजणंच आहे. दोन-चार दिवसांनी पापुद्रे निघतात.

आणखी एक गोष्ट भाजण्यासारखीच दिसते : गाजरगवत. 1955च्या सुमारास हे गवत पुण्यात दिसलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्याच्या ॲलर्जीनंही तोंड-मान सुजते, खाजते आणि उन्हात वाढते. फरक असा, की उन्हाचं भाजणं उघड्या भागावर असतं. गवताचा त्रास पापण्यांवर, मानेच्या वळीत, कोपराच्या आतल्या बाजूलाही होतो. तसं असेल तर अंग साबणानं धुवा, कपडे बदला आणि त्या गवताला हात लावू नका.

भाजलं तर काय करायचं? सावलीत या. माठातल्या पाण्यात सुती फडकं बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं भाजल्या जागी ठेवा. असं दिवसातून तीन-चारदा करा. बर्फ नको. ताज्या भाजण्यावर तेल-तूप, टूथपेस्ट, रॉकेल काही नको. लिंबू तर मुळीच नको, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी जास्त भाजते. आग कमी झाल्यावर कोरफडीचा गर चालेल. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ सैल कापड ठेवा. हात सुजला असेल तर घट्ट बांगड्या काढा. कुणी काही म्हणालं तर म्हणू द्या, बोट काळंनिळं होण्यापेक्षा ते बरं.

दुखण्यावर पॅरासिटामॉलची गोळी चालते, आशाताईंना विचारून घ्या. किराणा दुकानातून "अंगदुखीची" म्हणून जी गोळी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. ती गरोदरपणात स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. पाचव्या महिन्यानंतर तिच्यामुळं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. डॉक्टरांनीच कमी ताकदीची ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. ती त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

आता वांगाचं. गरोदरपणात गालावर, कपाळावर काळसर डाग येतात, उन्हानं ते गडद होतात. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींचे फिके पडतात. पण घरात त्यावरून केवढी चर्चा! डागावरून मुलगा की मुलगी ते सांगतात, लेकरू गोरं व्हावं म्हणून केशर आणतात, जांभळं बंद करतात. बाईच्या तोंडाच्या रंगावर सगळ्यांचं लक्ष, तिनं दिवसभरात पाणी किती प्यायलं त्यावर कुणाचं नाही. मागं एका गावात सहाव्या महिन्यातली एक मुलगी मला भेटली. वांग जावा म्हणून दुकानदारानं तिला एक ट्यूब दिली होती, कातडी पातळ होऊन तोंड आगीसारखं झालं होतं. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. 2018 साली सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मिळतात. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी नावं असतील तर गरोदर बाईनं ती लावायची नाहीत. झिंक ऑक्साइडचं उन्हाचं मलम चालतं, पण त्यापेक्षा आपला उपाय बरा : घरातल्या माणसाचा जुना, लांब बाह्यांचा, सैल शर्ट साडीवर घालायचा आणि डोकं, मान, कान झाकेल असा शेला. कापड दाट विणीचं हवं.

पण मैत्रिणींनो, कातडी हे फक्त वरचं निशाण आहे. जी कातडी भाजेपर्यंत उन्हात राहिली, तिच्या अंगातलं पाणीही गेलेलं असतं. गरोदर बाईचं शरीर आधीच जास्त तापतं. पाणी कमी पडलं की चक्कर येते, पोट कडक होऊन कळा सुरू होऊ शकतात. आणि पाणी आपण का पीत नाही, ते या खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. वावरात आडोसा नाही. सकाळी घोटभर प्यायचं आणि घरी येईपर्यंत दाबून धरायचं. त्यातून लघवीला जळजळ, मग ताप, आणि कधी कधी दिवस भरायच्या आत बाळंतपण. म्हणून पाण्याच्या कॅनबरोबर आडोशाचं बोलायला लाजायचं नाही. चार बांबू आणि दोन गोणपाटं पुरतात.

तहान नसली तरी थोडं थोडं पाणी, ताक, पन्हं घेत राहा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की झालं. वटपौर्णिमेला पोटुशीनं निर्जळी उपास धरू नये, असं मी आजच सांगून ठेवते.

एका गोष्टीवर जरा थांबते. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढं अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, की सगळे म्हणतात "ऊन लागलं", आणि कांदा हुंगायला देतात. पाच महिन्यांनंतर ही रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. तेव्हा कांदा नको, त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. लघवी गडद आणि कमी होणं, ताप, थांबत नसलेली उलटी, पुन्हा पुन्हा पोट आवळणं, पाणी किंवा रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहायची नाही. बाई बरळायला लागली, अंग चटके बसावं तसं तापलं, तर डाव्या कुशीवर निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि आता मजुरीचं. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांत बायका किती होत्या, ते आपल्या आयांना विचारा. त्या कामांतून रोजगार हमी आली, 1977 साली तिचा कायदा झाला. 2005च्या केंद्राच्या कायद्यात कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी द्यायची असं लिहिलं. म्हणजे सावली ही मेहरबानी नाही, हे सरकारनं कागदावर मान्य केलेलं आहे. खाजगी शेतावर मात्र काही लिहिलेलं नाही. 1961चा प्रसूती लाभाचा कायदा तिथल्या बाईपर्यंत कधी पोचलाच नाही. आपल्या तालुक्याच्या गावी दर 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी केवढी गर्दी लोटते. त्याच तालुक्यात सातव्या महिन्यातली बाई भर दुपारी पऱ्हाट्या उपटते.

म्हणून आपण शेतकऱ्यांशी एवढंच बोलायचं आहे : काम सकाळी सहा ते साडेदहा, आणि उरलेलं साडेचारनंतर. रोज पूर्ण. गरोदर बाईला बसून करायचं, सावलीतलं काम. एकटी बाई बोलली तर उद्या तिला बोलावणार नाहीत, सगळी टोळी बोलली तर बोलवावंच लागेल, कारण पेरणीच्या आधी वावर साफ व्हायचंच असतं. यात शेतकऱ्याचंही फार जात नाही. भर दुपारी कामाचा उरक किती असतो, ते त्यालाही माहीत आहे.

तर आज उठायच्या आधी प्रत्येक वस्तीवरच्या दोघींनी आपल्याकडच्या पोटुशी बायांची नावं, कितवा महिना आणि कुणाच्या वावरात जातात ते लिहून द्या. ती यादी आशाताईंकडे जाईल, आणि टोळीच्या मुकादमाकडे कोण जाणार ते आत्ताच ठरवू.